आक्का म्हणाली, “सगळं करतो!”



या सदरातून आम्ही आजवर दाखले, शिष्यवृत्त्या, शिधापत्रिका, बचत गटाचे हिशेब यांविषयी लिहीत आलो. लिहिताना आमचा सूर असा असतो की, चुका लोकांकडून होतात आणि आम्ही त्या दुरुस्त करून देतो. या खेपेस चूक आमच्याच घरात झाली. ती झाकून ठेवण्यापेक्षा सांगितली तर दुसऱ्या चार घरांचे हेलपाटे वाचतील, म्हणून घरचेच सांगतो.

आमची थोरली बहीण औंढ्याला दिलेली. गाव लोणावळ्याला लागूनच. मुंबई-पुण्याच्या माणसांना लोणावळा म्हटले की चिक्की आणि धबधबे आठवतात. आमच्या आक्काला आठवतात ती दोन बंगल्यांवरची धुणीभांडी. मेहुणे वारले त्याला नऊ वर्षे झाली. पदरी एकच मुलगा, आज सत्तावीस वर्षांचा. बारावीला बरे गुण होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले. खोलीत कोणी नसताना कोणी बोलते, नावे ठेवते, मागून येते, असे तो सांगू लागला. मग सांगायचाही बंद झाला. अभ्यास सुटला, मित्र सुटले, दिवसाची रात्र झाली.

पहिले दीड वर्ष कसे गेले ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लिंबू उतरवले गेले. कोणी सांगितले म्हणून आक्का दोन ठिकाणी भगताकडे जाऊन आली, हातातली पाटली मोडली. आम्हाला कळले तेव्हा आम्ही तिच्यावर फार रागावलो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला आहे, धम्मात याला जागा नाही, वगैरे सारे ऐकवले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “तू तवा कुटं होतास?” त्या दीड वर्षात आम्ही औंढ्याला दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा जेवून परतलो होतो.

मानसिक आजार म्हटला की पुणे जिल्ह्यात लोक एकच शब्द उच्चारतात : येरवडा. आपल्याला येरवडा म्हटले की १९३२ चा पुणे करार आठवतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आठवते ते तिथले मनोरुग्णालय. “याला येरवड्याला धाडा” ही आपल्याकडे शिवी आहे. त्या शिवीच्या भीतीने किती घरांनी पोरे डॉक्टरपासून लपवून ठेवली असतील, कोण जाणे. भाच्याला शेवटी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेले, औषधे सुरू झाली. आवाज पुरते गेले नाहीत, पण कमी झाले. झोप आली, जेवण आले. दाखलाही तेव्हाच काढला आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत त्याचे नाव लागले.

आता चूक सांगतो. परवा आक्काने पासबुक भरून आणले, तर सलग दोन महिने पैसे जमा नाहीत. फोनवर म्हणाली, “आरं, सरकारनं बंद केलं वाटतं.” आम्हालाही आधी तसेच वाटले, सरकारवर रागावणे सोपे असते. मग औंढ्याला जाऊन ट्रंकेतले कार्ड बाहेर काढले. भाच्याचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र तात्पुरते होते, पाच वर्षांचे. मुदत संपल्याची तारीख त्यावर स्वच्छ छापलेली होती. तपासणीत ती दिसली आणि हप्ता थांबला. यात कोणाचाच दोष नव्हता. आम्ही दिवसभर कचेरीत बसून लोकांच्या कागदांवरच्या तारखा तपासतो आणि त्याचाच पगार घेतो. सख्ख्या भाच्याच्या कार्डावरची तारीख पाच वर्षांत एकदाही वाचली नाही.

पुष्कळ घरांत असा समज असतो की अपंगत्वाचा दाखला एकदा मिळाला की जन्मभराचा. हात तुटला, पाय गेला, तर तसे असू शकते. जिथे प्रकृतीत फरक पडण्याची शक्यता असते, तिथे डॉक्टर मुदतीचे प्रमाणपत्र देतात. मानसिक आजारात तर हे नेहमीचेच. लहान मुलांचेही वय वाढेल तशी पुन्हा तपासणी असते. म्हणून हा मजकूर बाजूला ठेवून आधी ट्रंक उघडा आणि घरातल्या कार्डावरची तारीख वाचा. आम्ही थांबतो.

हे कार्ड म्हणजे यूडीआयडी कार्ड, ज्याला वैश्विक ओळखपत्र किंवा स्वावलंबन कार्डही म्हणतात. १ जून २०२१ पासून अपंगत्वाची प्रमाणपत्रे देशभर याच संगणक पोर्टलवरून देणे बंधनकारक झाले आहे. कार्डावर रंगाची पट्टी असते. ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० ते ८० च्या आत पिवळी, ८० व त्यावर निळी. सवलती आणि अनुदाने ४० पासून पुढे सुरू होतात, त्यामुळे पांढऱ्या पट्टीला ओळखीपलीकडे फारसा अर्थ उरत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. मानसिक आजार मात्र १९९५ च्या यादीतही होता. म्हणजे आम्ही नोकरीला लागण्याच्या आधीपासून हा हक्क कागदावर होता आणि आपल्या वस्त्यांत तो फार थोड्यांना माहीत होता.

योजनेची रक्कम पाहू. संजय गांधी योजना राज्यात १९८० पासून आहे. महिना ६०० रुपये मिळत ते दिवस फार लांबचे नाहीत. २०१९ मध्ये त्याचे १००० झाले, जुलै २०२३ मध्ये १५००. निराधार असो, विधवा असो की अपंग, रक्कम सर्वांना तीच. वास्तविक २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते की, अशा योजनांत अपंगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळाले पाहिजे. तो कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. दिव्यांगांसाठी महिना २५०० रुपये झाले ते ऑक्टोबर २०२५ पासून. मधली साडेआठ वर्षे ज्यांची गेली, त्यांचा हिशेब वाचकांनीच करावा. “अपंग” शब्द जाऊन “दिव्यांग” आला तो मात्र फार लवकर आला.

उत्पन्नाची अट आणखी विचित्र आहे. अपंगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते, इतरांसाठी २१,०००. पन्नास हजारांना बाराने भागा, महिन्याला ४,१६६ रुपये येतात. आक्काला दोन बंगल्यांचे मिळून चार हजार मिळतात. तिसरा बंगला धरला, तर मुलाचे अनुदान जाण्याची भीती; नाही धरला, तर गॅस सिलिंडरची ओढाताण. आम्ही बीकॉम झालो, पण हे गणित आम्हाला अजून सुटलेले नाही. कोणी म्हणेल, दाखल्यावर उत्पन्न कमी दाखवा. ते आम्ही सांगणार नाही. मर्यादा वाढवून घेण्याचा मार्ग मोर्चाचा आणि निवेदनाचा आहे आणि त्या मोर्चात आम्ही पुढे असू.

नूतनीकरणाचा अर्ज पोर्टलवर भरावा लागतो. घरी कोणाला जमत असेल तर मोबाईलवरही होतो, नाहीतर सेवा केंद्रात जावे. आम्ही भाच्याला घेऊन एका केंद्रात गेलो. तिथला मुलगा चपळ होता, दोन मिनिटांत रकाने भरत सुटला. अपंगत्वाच्या प्रकारात त्याने “बौद्धिक अक्षमता” निवडले. आम्ही थांबवले. मतिमंद आणि मनोरुग्ण यांत आपले लोक फरक करत नाहीत, तो मुलगा तरी कुठून करणार? पण तपासणी करणारे डॉक्टर वेगळे, चाचणी वेगळी आणि राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली मिळणारी पालकत्वाची सोय पहिल्यांना आहे, दुसऱ्यांना नाही. रकाना चुकला की माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. भाच्यानेच त्या मुलाला शांतपणे सांगितले, “मला स्किझोफ्रेनिया आहे. मी बारावी पास आहे.” केंद्रातली चार माणसे वळून बघू लागली. आम्हाला क्षणभर वाटले, एवढ्या मोठ्याने कशाला बोलायचे! मग आमचीच आम्हाला शरम वाटली.

पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंधला आहे. औंढे ते औंध, नावात एका अक्षराचा फरक, पण लोकलने दापोडीपर्यंत तासाभराहून जास्त आणि पुढे रिक्षा. तपासणीचा दिवस म्हणजे आक्काचा एक खाडा. म्हणून एकाच फेरीत काम व्हावे, यासाठी आम्ही आदल्या रविवारी औंढ्याला तयारीला बसलो.

तयारी म्हणजे कागद, असे आम्ही धरून चाललो होतो. आधार कार्ड, जुने प्रमाणपत्र, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या. जुने केसपेपर आक्काने फडताळात भांड्यांखाली अंथरले होते. ते काढून, पुसून, तारखेप्रमाणे लावले. हे महत्त्वाचे आहे. मानसिक आजाराचे मोजमाप करताना आजार किती वर्षांचा आहे यालाही गुण असतात आणि वर्षे सिद्ध होतात ती कागदाने. भगताकडे गेलेल्या दीड वर्षाचा आमच्याकडे एकही कागद नव्हता. त्यामुळे कागदावर भाच्याचा आजार दीड वर्ष उशिरा सुरू झाला.

मोजमापात वर्षांशिवाय चार गोष्टी पाहतात. स्वतःचे आवरणे, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, औषध. माणसांशी वागणे. बोलणे आणि समजणे. आणि काम, मग ते नोकरी असो, घरकाम असो की शिक्षण. प्रत्येकात किती अडचण आहे त्याप्रमाणे गुण लागतात आणि त्या बेरजेवरून टक्केवारी ठरते. रक्त तपासून किंवा एक्स-रे काढून हे कळत नाही. डॉक्टर रुग्णाशी बोलतात आणि घरच्यांना विचारतात. घरचे जे सांगतील त्यावर बरेच अवलंबून असते.

पाच वर्षांपूर्वी घरच्यांनी काय सांगितले होते? आम्ही तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलो होतो, आक्का आत होती. अंघोळ करतो का? करतो. जेवतो का? जेवतो. लोकांशी बोलतो का? बोलतो की. कामात मदत करतो? “सगळं करतो, सायेब!” चाळिशी कशीबशी ओलांडून टक्केवारी लागली होती. दोन टक्के कमी असते तर पांढरी पट्टी आली असती.

त्या रविवारी आम्ही तिला विचारले, “आक्का, तू खोटे का सांगितलेस?” ती चिडली. “खोटं काय त्यात? माझं पोरगं डाक्टरपुढं बसलंय आन मी म्हनू का, त्याला धुवावं लागतं? चार दिस त्यानं तोंडात पानी घेतलं न्हाई म्हनून सांगू? त्यो ऐकत हुता की!”

याला काय उत्तर द्यावे? आपल्या आयाबहिणी अशाच वाढल्या आहेत. कोणापुढे रडायचे नाही, हात पसरायचा नाही, पोराला कमी लेखू द्यायचे नाही. मेलेले ढोर ओढायचे सोडले, भाकरी मागायची सोडली, त्या पिढीने हा ताठा पुढच्या पिढीच्या हाडात घातला आणि तो योग्यच होता. पण इथे तोच ताठा आडवा येतो. ज्या बाबासाहेबांनी हात पसरू नका म्हणून शिकवले, त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेल्या राज्यघटनेत कलम ४१ आहे. बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व आले तर नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी, असे ते सांगते. कोर्टात जाऊन ते थेट बजावता येत नाही, हे खरे. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण २०१६ चा कायदा बजावता येतो. आक्काला आम्ही हे समजावून सांगितले. ती म्हणाली, “घटना तू वाच. मी पोराचं बघते.”

मग एक युक्ती केली. तिला डॉक्टरांपुढे बोलायला जड जाते ना, तर घरीच लिहून काढू. गेल्या महिन्याची रोजनिशी. चांगला दिवस गेला तर तो लिहायचा, वाईट गेला तर तोही. वाढवायचे नाही, कमीही करायचे नाही. ती सांगत गेली, आम्ही लिहीत गेलो. सोमवारी अंघोळ केली नाही. मंगळवारी सांगितल्यावर केली. बुधवारी चहा ठेवला आणि गॅस तसाच चालू ठेवून बाहेर गेला. असे महिन्यात दोनदा. गुरुवारी पाहुणे आले तर मोरीत जाऊन बसला. किराणा आणायला गेला, पैसे बरोबर आणले, साखर विसरला. औषध रोज हातावर द्यावे लागते, नाहीतर घेत नाही. अर्धे पान झाल्यावर आक्का पदराने डोळे पुसू लागली. एवढी वर्षे सगळे केले होते, पण ते एका कागदावर ओळीने कधी पाहिले नव्हते.

भाचा भिंतीला टेकून ऐकत होता. आम्हाला वाटले, तो त्याच्या नादात आहे. आम्ही मोठ्याने वाचले, “दिनांक अमुक, सकाळी न सांगता निघून गेला, रात्री परत आला, कुठे होता ते सांगता येत नाही.”

“सांगता येतं,” तो म्हणाला.

आम्ही थांबलो.

“मामा, मी भाज्याच्या लेण्यांत होतो. चालत गेलो. तिथं बसलं की आवाज कमी येतात. तुम्ही लिवताय मी हरवलो. मी हरवलो नव्हतो.”

औंढ्याहून भाजे चालत जाण्यासारखे आहे, लोहगड-विसापूरच्या पायथ्याला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी भिक्खूंनी पावसाळ्यात राहण्यासाठी कोरलेली ती लेणी. आम्ही धम्मसहलीला तिथे माणसे नेली आहेत, भाषणे दिली आहेत. आमचा भाचा तिथे एकटा जाऊन बसतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. आक्काला तर अजिबात नाही. ती त्या दिवशी रुळाच्या कडेने शोधत फिरली होती.

आम्ही ती ओळ खोडली आणि कागद त्याच्याकडे दिला. त्याने बराच वेळ घेतला. अक्षर थरथरते होते, औषधाने हात थोडा कापतो. त्याने लिहिले : “गर्दीत आणि घरात आवाज वाढतात तेव्हा मी बाहेर जातो. आईला सांगायचं राहतं. गॅस विसरतो हे खरं आहे. नोकरी एकदा केली, अकरा दिवस.” त्या अकरा दिवसांच्या नोकरीबद्दल आम्हाला माहिती होती, पण ती त्याच्या मनात मोजून ठेवलेली असेल असे वाटले नव्हते. “पाहुणे आले तर मोरीत बसतो” ही ओळ मात्र त्याने खोडायला लावली. आम्ही म्हणालो, ही उपयोगाची आहे, माणसांशी वागण्याच्या रकान्यात बसते. तो म्हणाला, “मी सांगतो ना तोंडाने.” मग खोडली.

उपयोग हा शब्द आमच्याकडून गेला आणि विनयपिटकातली एक गोष्ट आठवली. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत लोळत पडला होता. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग इतर भिक्खूंना विचारले, याची शुश्रूषा का केली नाही? उत्तर आले की, हा भिक्खू आमच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. त्यावर तथागत म्हणाले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आमच्या भाच्याला भावकीत “कमवत नाही, काय उपयोगाचा” असे म्हणणारे आहेत. पौर्णिमेला विहारात हीच गोष्ट ऐकून मान डोलावणारेही तेच.

तपासणीच्या दिवशी पहाटेची लोकल धरली. देहूरोड आले तेव्हा आक्काने खिडकीतून हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली ते हे ठिकाण. तिचे सासरे त्या दिवशी तिथे होते असे ती सांगते. रुग्णालयात रांग होती, पण नंबर लागला. डॉक्टरांनी आक्काला विचारले, “घरात काही काम करतो का?” सवयीने तिच्या तोंडात “सगळं” आले होते. ती थांबली. म्हणाली, “चहा करतो. चांगला करतो. पर गॅस बंद करायचं इसरतो.” मग पिशवीतला कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो पुरता वाचला. खालच्या चार ओळींवर बोट ठेवून भाच्याला विचारले, “हे तू लिहिलंस?” तो हो म्हणाला. पुढे पंधरा-वीस मिनिटे ते त्याच्याशीच बोलत होते. मोरीची गोष्टही त्याने स्वतःहून सांगितली.

प्रमाणपत्र आले आहे. टक्केवारी मागच्यापेक्षा जास्त आहे, पिवळ्या पट्टीतच आहे, मुदत पुन्हा पाच वर्षांची. टक्के वाढले याचा आनंद मानावा की काय करावे, आम्हाला कळले नाही. आक्काने मुदतीची तारीख खडूने भिंतीवर लिहिली आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. आम्हीही आमच्या कचेरीच्या डायरीत लिहून ठेवली.

आता ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. नवे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे पैसे सुरू झाले असे समजू नये. त्याची प्रत तालुक्याच्या तहसील कचेरीत संजय गांधी शाखेत द्यावी लागते, मावळवाल्यांना वडगावला. उत्पन्नाचा दाखला आणि हयातीचा दाखला यांच्या तारखा वेगळ्या चालतात. त्या शाखेतच विचारून घ्याव्यात. डिसेंबर २०२४ पासून पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. ज्यांनी मध्यंतरी दुसरे खाते उघडून त्याला आधार जोडले, त्यांचे पैसे कधी कधी त्या दुसऱ्या खात्यात पडून असतात आणि घरचे बंद झाले म्हणून कपाळाला हात लावतात. आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलेले आहे ते पाहावे.

टक्केवारी वाढवून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या दाखल्यावर लाभ घेतला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. बोगस दाखल्यांची प्रकरणे २०२४ पासून वर्तमानपत्रांत गाजत आहेत आणि त्याचा जाच खऱ्या अपंगांनाच जास्त होतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून ते कुठे गेले असे विचारावे. आणि घरात कोणाला आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, कोणी बोलेनासे झाले असेल, तर भगताची वाट धरण्यापूर्वी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबणार आहोत. ज्यांची कार्डे तपासायची असतील त्यांनी ती घेऊन यावे, जुने केसपेपर भांड्यांखाली असतील तर तेही. रोजनिशी लिहायला कागद आम्ही देऊ. भाचा येतो म्हणाला आहे. गर्दी झाली तर तो बाहेर पिंपळाखाली बसेल, त्याला कोणी आत ओढू नये.

थकलेल्या दोन महिन्यांसाठी आम्ही वेगळा अर्ज दिला आहे. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेऊन ती आक्काच्या पिशवीत ठेवली आहे. काय होते ते याच जागी कळवू.

जयभीम.